नैवेद्याच्या आधी

त्या बुधवारी चंपाषष्ठी होती आणि विनीताबाई मागच्या अंगणात बार्बेक्यूवर वांगी भाजत होत्या.

हा बार्बेक्यू घराबरोबरच आलेला. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातलं हे विटांचं घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने तो न्यायचा कंटाळा केला, आणि त्याच्यावर काय काय भाजलं गेलं असेल या विचाराने त्यांच्या नवऱ्याने, रविंद्रनी, तो टाकून द्यायला काढला होता. विनीताबाईंनी तो तीन दिवस घासला. चिंचेने, सोड्याने, मग तारेच्या ब्रशने. शेवटी वर गंगाजलाचे दोन थेंब शिंपडले, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्याच्यावर वांगी आणि कणसं सोडून काही चढलं नाही. शेजारचे ग्रीक आजोबा धूर दिसला की कुंपणावरून डोकावत आणि विचारत, "नो मीट?" विनीताबाई म्हणत, "नो मीट, नो वरीज." नऊ वर्षं हा एकच विनोद चालला होता आणि आजोबा दर वेळी तो नवा असल्यासारखे हसत.

घराण्याचं दैवत खंडोबा. आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत घरात वांगं आणि कांदा यायचा नाही, आणि षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की दोन्हीची सुटका व्हायची. पुण्यात हे सगळं हिवाळ्यात व्हायचं. इथे डिसेंबरच्या उन्हात कपाळावरचा घाम पदराने टिपत विनीताबाई वांगी उलटत होत्या आणि रुचा मागच्या दारात चपला घालून उभी होती. चपला घालून, म्हणजे लगेच निघायच्या तयारीने.

रुचा त्यांची एकुलती एक मुलगी. तेहेतीस वर्षांची, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीला, गाडीने पंधरा मिनिटांवर एकटीच्या युनिटमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, राहणारी. तिची अडचण एकच होती आणि ती आता जुनी झाली होती. रुचा ख्रिस्ती झाली होती आणि तिने ते आईला सांगितलं नव्हतं.

"पाया पडलीस?" विनीताबाईंनी विचारलं.

रुचा हो म्हणाली. देवघरासमोर ती हात जोडून उभी राहिली होती, हे खरं होतं. कोणाला जोडले होते हे कोणी विचारलं नव्हतं.

"मग जेवूनच जा. भरीत कालवते, नैवेद्य दाखवते, दहा मिनिटं."

"डाएटवर आहे, आई."

"आजपण?"

"आजपण."

विनीताबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. फ्रिजवर मराठी कॅलेंडर लावलेलं असायचं, ते दारातून दिसत होतं. काहीतरी बोलणार होत्या, पण वांग्याची साल फुटली आणि त्या तिकडे वळल्या. थोड्या वेळाने आत जाऊन त्यांनी ओट्यावरून दह्याचा एक रिकामा डबा आणला. रिकामा म्हणजे मूळचं दही संपलेला. आत्ता तो भरलेला होता, कोमट होता आणि त्याच्या झाकणावर मार्करने 'रु' लिहिलेलं होतं. पहिली दोन वांगी बहुधा त्यातच गेली होती.

"डाएटला सुट्टी असेल तेव्हा खा," त्या म्हणाल्या. "आणि कांद्याची पात वेगळी बांधलीय, नाहीतर मऊ पडते."

रुचा डबा घेऊन निघाली. गाडी मागे घेताना तिला खिडकीतून घंटा ऐकू आली. आई नैवेद्य दाखवत होती.

तो शेवटचा साधा दिवस. इतका साधा, की पुढे कितीही आठवला तरी त्यात धरून ठेवण्यासारखं तिला फारसं सापडेना.

*

नैवेद्याचं प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागेल.

रुचाचं लग्न होऊन ती ॲडलेडला गेली होती. मॉसन लेक्सला, युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसला लागून असलेल्या वस्तीत. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, दोन हजार चारच्या नोव्हेंबरात, नवऱ्याने एका संध्याकाळी चहा पिता पिता सांगितलं की तो जातोय, आणि कोणाकडे तेही सांगितलं. त्याचा चहा पूर्ण झाला होता, तिचा राहिला होता. आईबाबांना तिने फोनवर काही सांगितलं नाही. डिसेंबर आला, कॅम्पस ओस पडला, लोक किनाऱ्यांवर निघून गेले. नाताळाला मेलबर्नला का येत नाही, असं आईने विचारलं तेव्हा तिने ड्यूटीचं रोस्टर पुढे केलं. पुढे अनेकदा कामाला आलेलं कारण तिथे पहिल्यांदा वापरलं.

नाताळच्या दिवशी अकरा वाजता दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरची डॉरीन, शहात्तर वर्षांची, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. तुझी गाडी तीन दिवस हललेली नाही, म्हणाली. आणि मग, बटाटे खातेस ना?

डॉरीनच्या टेबलावर रुचाखेरीज तीन विद्यार्थी होते, सुट्टीत घरी जाणं न परवडलेले. एक चिनी मुलगा, एक केनियाचा आणि एक हैदराबादची मुलगी, जी पूर्ण वेळ फक्त मटार खात होती. जेवणाआधी डॉरीनने सगळ्यांना विचारलं, लहानपणी तुमच्यासाठी स्वयंपाक कोण करायचं, त्यांचं नाव सांगा. मग डोळे मिटून तिने एकेक नाव घेऊन देवाचे आभार मानले. 'विनीता' तिला नीट म्हणता येईना, पण तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. महिनाभर कोरडी राहिलेली रुचा भाजलेल्या बटाट्यांसमोर रडली.

त्या दिवशी आपल्याला देव भेटला असं रुचा कधी म्हणाली नाही. भारावून जाणाऱ्यांपैकी ती नव्हती. पुस्तकं वाचत वाढलेली, धर्मांचे इतिहास वाचलेली मुलगी होती ती आणि चर्चने जगात काय काय केलंय हेही तिला ठाऊक होतं. तिला एवढंच कळलं होतं, की एका परक्या टेबलावर कोणीतरी तिच्या आईचं नाव कोणाला तरी सांगितलं, आणि ते ज्याला सांगितलं तो कोण, हे तिला जाणून घ्यायचं होतं. ती डॉरीनबरोबर चर्चला जाऊ लागली, आधी मागच्या बाकावर. मार्चमध्ये घटस्फोटाचं आईबाबांना सांगून ती मेलबर्नला परतली, तेव्हा डॉरीनने दिलेलं बायबल तिच्या बॅगेत होतं.

पुढचा नाताळ आणखी कठीण गेला. घटस्फोटाचे कागद डिसेंबरातच आले. ओळखीचे लोक घरी यायचे आणि खालच्या आवाजात बोलायचे. त्या नाताळाच्या सकाळी शिफ्ट आहे असं सांगून ती क्लेटनच्या एका चर्चमध्ये एकटी जाऊन बसली, आणि त्यानंतर दर रविवारी. दोन हजार सहाच्या ईस्टरला तिने बाप्तिस्मा घेतला. पास्टरांच्या बायकोने विचारलं, घरचं कोणी येणार आहे का? रुचा म्हणाली, ते भारतात असतात. घरचे तिथून चार किलोमीटरवर होते आणि आई त्या वेळी कैरीचं पन्हं करत होती.

आईला सांगायचं तिने ठरवलं होतं. पण आईने घटस्फोटाचा धक्का नुकताच पचवला होता. जरा थांबू, म्हणता म्हणता गणपती आले.

बायबलच्या अभ्यासाला अजित नावाचा ठाण्याचा एक मुलगा यायचा. त्याच्या आईने दोन वर्षांत त्याचा फोन उचलला नव्हता. त्याचं म्हणणं पक्कं होतं, मूर्तीला दाखवलेलं खायचं नाही. म्हातारे पास्टर म्हणाले होते की हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे, तुझं मन काय म्हणतं ते बघ. पण मनाचं ऐकणं फार कष्टाचं असतं, त्यापेक्षा नियम सोपा. रुचाने अजितचा नियम घेतला.

आणि इथेच घोळ झाला. विनीताबाईंच्या घरी सणाच्या दिवशी नैवेद्याचं ताट दाखवून झालं की त्यातलं थोडं थोडं पुन्हा प्रत्येक भांड्यात मिसळायची रीत होती. भात भातात, भाजी भाजीत. म्हणजे मग सगळा स्वयंपाकच प्रसाद. नैवेद्याआधी कोणी काही चाखायचं नाही. मीठ आई वासावरून ओळखायची. अशा घरात सणाच्या दिवशी रुचाने खावं असं काही उरलंच नाही. म्हणून डाएट. गणपतीला डाएट, दसऱ्याला ॲसिडिटी, पाडव्याला ब्लड टेस्ट. आई दर वेळी डबा द्यायची, आणि तो प्रसादच आहे असं धरून रुचा तो देऊन टाकायची. वाया घालवला नाही, एवढंच समाधान. अडीच वर्षांत तो नियम बरोबर आहे का, अशी शंका तिला पुष्कळदा आली. पण आता पान वाढून घ्यायचं तर इतके दिवस का नाही घेतलं, ते सांगावं लागणार होतं.

*

चंपाषष्ठीचा डबाही तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिने तो हॉस्पिटलच्या गेटवरच्या सिक्युरिटीला दिला. जसपाल, लुधियान्याचा, दिवसा गार्ड आणि संध्याकाळी अकाउंटिंगचा विद्यार्थी. डबा ओळखीचा झाला होता. "आंटी ने भेजा?" म्हणत त्याने झाकण उघडून वास घेतला.

दहाला वीस मिनिटं कमी असताना बाबांचा फोन आला. आई कपडे वाळत घालता घालता पडली होती. चिमटे अजून हातात होते, हे बाबांनी तिला नंतर तीन-चारदा सांगितलं, जणू त्यातून काही उलगडेल. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी दोनला डॉक्टरांनी दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं.

पुढचे दिवस ज्याने पाहिलेत त्याला सांगायला नकोत आणि ज्याने पाहिले नाहीत त्याला सांगून कळत नाहीत. दिवसा आयटीत काम करणाऱ्या गुरुजींनी रजा टाकून सगळं यथासांग केलं. रविंद्रनी, पूल बांधणाऱ्या माणसाने, गुरुजी सांगतील तसा दर्भ इकडून तिकडे ठेवला. रुचा शेजारी बसून राहिली. मंत्र चालू असताना ती मनातल्या मनात तिची प्रार्थना म्हणत होती, आणि दोन्ही ठिकाणी आपण अर्ध्याच आहोत असं तिला वाटत होतं.

कामावर रुजू झाली त्या दिवशी जसपालने डबा परत दिला. घासूनपुसून स्वच्छ. "आंटी को थँक यू बोलना दीदी, बहुत बढिया था." रुचाने मान हलवली. झाकणावरचं 'रु' घासण्याने फिकट झालं होतं. तिने डबा लॉकरमध्ये ठेवला आणि औषधांची यादी तपासायला बसली. ती यादी तिला दोनदा तपासावी लागली.

तेरावं झाल्यावर नीलिमाने, आईच्या मैत्रिणीने, बाबांना काय काय करायचं नाही ते समजावून सांगितलं. नीलिमा तोंडाने फटकळ, पण या तेरा दिवसांत घरात चूल तिने पेटती ठेवली होती. वर्षभर सण नाही, ती म्हणाली. गोडधोड नाही, दाराला तोरण नाही, आकाशकंदील नाही. संक्रांत नाही, पाडवा नाही. बाबा सगळ्याला हं म्हणत गेले. त्यांना कोणीतरी काहीतरी सांगतंय हेच बरं वाटत असावं.

मग विसाव्या दिवशी श्रियाचा फोन आला.

श्रिया अकोल्याची. त्या वर्षांत क्लेटनला विद्यार्थ्यांचा पूर लोटला होता. तीन खोल्यांच्या घरात नऊ नऊ जण, गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. त्यातले आठ-दहा विनीताबाईंच्या घरी जेवायला यायचे. श्रिया त्यांत पहिली, आणि काकूंच्या हाताखाली काम करायची परवानगी मिळालेली एकटीच. नाताळचं जेवण हे काकूंनी दोन हजार पाचपासून चालू केलेलं. युनी बंद, दुकानं बंद, पोरं मॅगी खाऊन दिवसभर झोपून राहतात हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, त्या दिवशी सगळे इथे यायचं, सुट्टीचं जेवण. श्रियाने फोनवर भीत भीत विचारलं, या वर्षी आम्ही यायचं नाही ना? म्हणजे, येत नाही आम्ही, फक्त काका एकटे असतील म्हणून…

 बाबा म्हणाले, या. नेहमीसारखे या.

*

नाताळच्या सकाळी आठच्या प्रार्थनेला रुचा जाऊन आली. शिफ्टचं कारण या वेळी द्यावं लागलं नाही, बाबांनी विचारलंच नाही. गेली दोन वर्षं हा दिवस तिला त्यातल्या त्यात सोपा जायचा. चर्चमधून थेट आईकडे यायचं आणि पोटभर जेवायचं. नाताळ आपला सण नाही म्हणून आई त्या दिवशी नैवेद्याचं ताट करत नसे, त्यामुळे डाएटची गरज नव्हती. आज परतताना तिने गाडीत ठरवून टाकलं की बाबांना हे कधीच सांगायचं नाही. एक माणूस गेलंय त्यांचं. उरलेलं माणूसही वेगळंच निघालं, हे त्यांना का कळावं? आईला सांगायचं राहिलं ते राहिलं.

स्वयंपाकघरात श्रिया आधीच आली होती. बटाटे उकडून सोलून झाले होते, पुऱ्यांची कणीक झाकून ठेवली होती आणि कढईत रवा भाजत होता.

"शिरा?" रुचाने विचारलं.

"काकू करायच्या ना नाताळला. आमच्यातल्या वेदने आधीच विचारून ठेवलंय." श्रियाने तिच्याकडे चमकून पाहिलं. "चालत नाही का, ताई? मला आमच्याकडचं ठाऊक नाही नीट, आजी गेली तेव्हा मी लहान होते."

रुचाला नीलिमाची यादी आठवली. पण रव्याचा तो वास आला आणि तिच्याने काही बोलवेना. ती म्हणाली, भाज.

दोघी काम करत राहिल्या. श्रिया बोलकी. बोलता बोलता तिने वरच्या कपाटातून दह्याचे रिकामे डबे काढले, उरलेलं पोरांना बांधून द्यायला, आणि एक डबा बाजूला ठेवून म्हणाली, "तुझा नको ना काढायला? आज तर तू इथेच जेवतेस."

"माझा?"

"काकू तुझा आधी काढायच्या ना. नैवेद्याच्या आधी."

रुचा बटाट्याच्या फोडी करत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"नैवेद्याच्या आधी काही काढत नाहीत या घरात," ती म्हणाली.

"मी पण तेच म्हटलं. गेल्या दिवाळीला. मला तर मीठ बघायला जिभेवर ठेवलं म्हणून किती ओरडल्या होत्या. आणि स्वतः पुरण शिजल्या शिजल्या आधी तुझा डबा भरला, मग ताट वाढलं. मी म्हटलं, काकू, हे चालतं? तर म्हणे, तिचं पथ्य आहे. मी विचारलं, कसलं पथ्य? तर म्हणे, आहे एक, डॉक्टरचं नाही." श्रिया हसली. कढईतला रवा हलवत पुढे म्हणाली, "आणि मग म्हणाल्या, माझ्या लेकीचं डाएट पंचांग बघून असतं. चतुर्थीला असतं, दसऱ्याला असतं. आणि नाताळला दोनदा वाढून घेते. मला काही कळलं नाही, मी म्हटलं म्हणजे काय? तर मला म्हणाल्या, तुला कळायची गरज नाही, तू वेलची कुट."

रुचाने उरलेल्या बटाट्यांच्या फोडी केल्या. सगळ्या एकसारख्या केल्या. मग आलेच, असं म्हणून ती मागच्या अंगणात गेली.

दोरीवर चिमटे तसेच होते. ती त्या दोरीखाली उभी राहून हिशेब करू लागली आणि तो जमेना. गेल्या दिवाळीपासून, म्हणजे कदाचित त्याच्याही आधीपासून. आई ओरडली नव्हती, रडली नव्हती, कोणाला विचारायला गेली नव्हती. तिने पंचांग पाहिलं होतं आणि ताटाकडे पाहिलं होतं. पन्नास वर्षं पाळलेला नियम तिने सणासणाला, देवघरासमोर, दह्याच्या एका डब्यापुरता मोडला होता. आणि ज्यांच्यासाठी मोडला ते डबे जसपालने खाल्ले, नाइट ड्यूटीच्या नर्सेसनी खाल्ले, खालच्या युनिटमधल्या नेपाळी मुलांनी खाल्ले.

तिला आईचा राग आला, हे सांगायला हवं. विचारलं का नाहीस? एका वाक्याचं काम होतं. पण हे वाक्य मनात पूर्ण होताच ते कोणाला लागू आहे हे तिला कळलं, आणि मग राग कुठे ठेवावा ते कळेना. कुंपणापलीकडून ग्रीक आजोबांनी हात वर केला. "मेरी ख्रिसमस," ते हळू आवाजात म्हणाले, आणि या घरात आज हे म्हणावं की नाही अशा संकोचाने टोपी काढून उभे राहिले. रुचाने त्यांना मेरी ख्रिसमस म्हटलं.

*

दुपारी एकला पोरं आली. सात जण, सगळी इस्त्रीचे कपडे घालून, आणि कशी वागावीत हे न कळल्यामुळे फार शहाण्यासारखी वागत. वेद, जो एरवी बोलायचा थांबत नसे, सोफ्याच्या कडेला बसून गालिच्याकडे पाहत होता. बाबांनीच त्याला विचारलं, परीक्षा कशी गेली. तो म्हणाला, काका, पास होईन, आईशपथ नाही पण होईन. कोणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनाच जरा सैल वाटलं.

नीलिमाही आली होती, मठ्ठा घेऊन. पानं मांडली. श्रियाने पुऱ्या आणल्या, रुचाने भाजी वाढली, आणि मग श्रिया शिऱ्याचं पातेलं घेऊन आली. केशर घातलेला, वर बेदाणे. विनीताबाई घालायच्या तसेच, मोजून नाही, ढिगाने.

नीलिमाचा हात मठ्ठ्याच्या पेल्यावर थांबला.

"शिरा केलात?" ती म्हणाली. "अगं रुचा, महिना नाही झाला. वर्षाच्या आत सणाचं गोड करत नाहीत. पोरीला नाही कळलं, तुला कळायला नको?"

श्रियाचा चेहरा पडला. पातेलं आत न्यावं की खाली ठेवावं हे तिला समजेना. वेद आपल्या पानाकडे असा पाहू लागला की जणू शिरा त्याने कधी मागितलाच नव्हता.

बाबांनी श्रियाला खूण केली, ठेव. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून काही ठरवलं होतं.

"असू दे, नीलिमा," ते म्हणाले. "सण कुठला? सण आपले बंदच आहेत. नाताळ काही आपला सण नव्हे, त्यामुळे त्याला सुतकही नाही आणि वर्षही नाही. पोरं जेवायला आलीयत, आणि विनीता हे करायची, एवढंच आहे. या घरातलं कोणी काही साजरं करत नाहीये."

बोलणं समंजस होतं. नीलिमाने मान डोलावली, मठ्ठा ओतला. श्रियाने सुटकेचा श्वास सोडून पातेलं टेबलावर टेकवलं. आता फक्त वाढायचं होतं. रुचाच्या हातात डाव होता. काही न बोलता वाढत गेली असती तर जेवण झालं असतं, पोरांनी भांडी घासली असती, बाबा दुपारी थोडे झोपले असते. पुढच्या वर्षीही असंच झालं असतं आणि त्याच्या पुढच्याही. गप्प राहणं किती सोपं असतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि ते किती महाग पडतं हे तिला आज सकाळी कळलं होतं.

तिने डाव पातेल्यात ठेवला आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. ती आईची जागा होती. तीन आठवडे तिथे कोणी बसलं नव्हतं आणि ती बसली हे सगळ्यांनी पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. सगळ्यांच्या समोरच सांगते, नाहीतर पुन्हा राहील."

"बोल," बाबा म्हणाले.

"मी डाएटवर कधीच नव्हते. ॲसिडिटी नव्हती, रविवारची शिफ्टही नव्हती. आईने सणाला दिलेला एकही डबा मी खाल्ला नाही, लोकांना देऊन टाकले. चंपाषष्ठीचासुद्धा." तिचा आवाज कामावर रुग्णाला औषध समजावून सांगताना असायचा तसा होता, सपाट आणि स्पष्ट. तो तसाच राहावा म्हणून तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आईने ओळखलं होतं. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी तिला घाबरले, आणि आता तुम्हाला घाबरतेय. ईस्टरला अडीच वर्षांपूर्वी माझा बाप्तिस्मा झाला, तेव्हा माझे आईवडील भारतात असतात असं मी त्या लोकांना सांगितलं. मी ख्रिस्ती आहे, बाबा. आज माझा सण आहे."